किल्ली गेली, 'किल्ली देणे' राहिले

मराठीत घड्याळाला आपण 'किल्ली देतो'. आजोबांच्या कोटाच्या खिशातले साखळीचे घड्याळ असो की लग्नात मिळालेले एचएमटीचे मनगटी घड्याळ, सकाळी त्याला किल्ली दिल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. गंमत अशी, की या घड्याळांना किल्ली नसतेच. बाहेर आलेली बारीक खाचांची गुंडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, पुढे-मागे फिरवायची, आतून किर्र किर्र आवाज येतो आणि घड्याळ पुढचा दिवसभर चालते. तरीही आपण 'किल्ली' म्हणतो, कारण एके काळी ती खरोखरच होती. खिशातल्या घड्याळाबरोबर एक वेगळी, छोटीशी किल्ली जपून ठेवावी लागे.

ती किल्ली कशी नाहीशी झाली, ही घड्याळजींच्या हुशारीची गोष्ट आहे. पण आरोग्याच्या पानावर ती सांगण्याचे कारण वेगळे आहे. यंत्र कितीही उत्तम असले, तरी माणसाने रोज एक छोटे काम केले नाही तर ते बंद पडते. मग माणसाकडून ते काम रोज करून कसे घ्यायचे? घड्याळजींना साडेतीनशे वर्षे पडलेला हा प्रश्न आज रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि क्षयाच्या रुग्णाला गोळ्या लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पडतो.

एका ठोक्याची ऊर्जा

भिंतीवरच्या जुन्या घड्याळांत वजने टांगलेली असत. वजन हळूहळू खाली येई आणि चाके फिरत. पण वजन खिशात घालून फिरता येत नाही. त्यावर उपाय सापडला तो पोलादी पट्टीचा. लांब, अरुंद, लवचीक पट्टी एका गोल डबीत गुंडाळून ठेवायची. घट्ट गुंडाळलेली पट्टी सुटी होण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीवर चाके फिरतात. हीच घड्याळाची मुख्य स्प्रिंग, जुन्या घड्याळजींच्या भाषेत कमान. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कुलुपे बनवणारा पीटर हेनलाइन अशी सोबत नेण्याजोगी घड्याळे बनवत असे. ती चाळीस तास चालत आणि थैलीत बाळगता येत, असे त्या काळी लिहिले गेले.

किल्ली देणे म्हणजे आपल्या बोटांची ताकद त्या पट्टीत साठवणे. ही ताकद किती? हृदयाचा एक ठोका पडतो तेव्हा डावा कप्पा सुमारे ७० मिलिलिटर रक्त सुमारे १०० मिलिमीटर दाबाविरुद्ध बाहेर ढकलतो. हे काम साधारण एक जूल भरते. खिशातले घड्याळ दिवसभर ज्या ऊर्जेवर चालते, तीही अंदाजे याच पातळीची आहे. हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देते. त्यातल्या एखाद-दुसऱ्या ठोक्याइतक्या कामावर घड्याळ चोवीस तास काढते. इतक्या कमी ऊर्जेत काम भागवायचे असल्याने तिथे थोडीशी धूळ किंवा वाळलेले तेलही घड्याळ थांबवायला पुरते.

भरलेली आणि रिकामी स्प्रिंग

स्प्रिंगमध्ये एक मूळचा दोष आहे. पूर्ण गुंडाळलेली असताना ती जोरात ओढते आणि सुटत जाते तशी तिची ओढ कमी होते. त्यामुळे सुरुवातीची घड्याळे किल्ली दिल्यावर पळत आणि नंतर रेंगाळत. यावर शंकूच्या आकाराच्या, नागमोडी खाच असलेल्या चाकाचा उपाय निघाला. स्प्रिंगची डबी आणि हा शंकू एका बारीक साखळीने जोडलेले असत. स्प्रिंग जोरात असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, तिथे तिला तरफेचा फायदा कमी मिळतो. स्प्रिंग दमत गेली, की साखळी रुंद भागाकडे सरकते आणि फायदा वाढतो. परिणाम असा, की चाकांना मिळणारी ओढ जवळपास सारखी राहते.

कल्पना सुंदर होती, पण तिची किंमत कोणीतरी मोजत होते. ही साखळी सायकलच्या साखळीसारखीच, फक्त घोड्याच्या केसापेक्षा थोडी जाड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च या गावात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या साखळ्यांचा मोठा उद्योग चालला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे पोलादी दुवे जोडण्याचे काम बायका आणि लहान मुली करत. त्यातल्या कित्येक गरीबखान्यातल्या होत्या. तासन्‌तास अपुऱ्या उजेडात, डोळ्यांजवळ धरून केलेल्या या कामाने त्यांच्या नजरेवर ताण येई. श्रीमंतांच्या खिशातले वेळेचे अचूकपण गरीब मुलींच्या डोळ्यांवर उभे होते. व्यवसायजन्य आजारांच्या इतिहासात कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या आठवतात, या मुली मात्र सहसा आठवत नाहीत.

नाडी मोजणारे घड्याळ

डॉक्टरांनी घड्याळ हाती घेतले ते या साऱ्या धडपडीच्या मधल्या काळात. नाडी पाहणे हजारो वर्षे जुने आहे, पण नाडी 'मोजणे' तसे अलीकडचे. इटलीतील सान्तोरिओ या वैद्याने सतराव्या शतकाच्या आरंभी दोरीला टांगलेला गोळा वापरला. झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची आणि दोरीची लांबी नोंदवायची, अशी त्याची रीत. पुढे १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांनी घड्याळाच्या झोके घेणाऱ्या चक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग लावण्याची युक्ती जाहीर केली आणि खिशातली घड्याळे एकदम भरवशाची झाली. त्यानंतर इंग्लंडमधील लिचफील्डचे डॉक्टर सर जॉन फ्लॉयर यांनी सेकंद मोजता येतील असे खास घड्याळ बनवून घेतले. १७०७ मध्ये नाडीच्या घड्याळावर त्यांचे पुस्तक निघाले. मिनिटाला नाडीचे इतके ठोके, ही आज नर्सच्या तक्त्यावर सहज दिसणारी नोंद रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखादे घड्याळ दिवसाला तब्बल १० मिनिटे मागे पडते असे समजा. दिवसाची मिनिटे १४४०, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. मिनिटाला ७२ ठोक्यांची नाडी मोजताना त्याने अर्ध्या ठोक्याचा फरक पडेल. म्हणजे आगगाडी चुकवणारे घड्याळही नाडी मोजायला पुरेसे आहे. थोडे मागे-पुढे चालणारे घड्याळ डॉक्टरला चालते, चालत नाही ते थांबलेले घड्याळ. आणि घड्याळ थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण यंत्रातला बिघाड नव्हे. किल्ली द्यायची राहून गेली, हे ते कारण.

किल्लीचा जाच

किल्ली द्यायची राहून जाण्याला कारणे भरपूर होती. किल्ली हरवे. प्रवासात घरी राही. एका घड्याळाची किल्ली दुसऱ्याला बसेलच असे नसे, कारण भोकातल्या चौकोनी दांड्याची जाडी वेगवेगळी असे. किल्लीसाठी घड्याळाचे मागचे झाकण रोज उघडावे लागे आणि रोज थोडी धूळ आत जाई. काही घड्याळांना उजवीकडे पीळ द्यायचा, तर काहींना डावीकडे. उलट्या बाजूने जोर लावला तर आतला भाग मोडे. शंकू आणि साखळीच्या घड्याळांत आणखी एक अडचण होती. किल्ली देताना शंकू उलटा फिरे, त्यामुळे तेवढा वेळ चाकांची ओढ तुटे आणि घड्याळ अडखळे. जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात एक छोटी मदतनीस स्प्रिंग बसवून ही उणीव दूर केली.

उलट्या पिळावरचा उपाय तर फारच शहाणपणाचा आहे. पॅरिसचे विख्यात घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या नावाने ओळखली जाणारी किल्ली दोन भागांची असते. मध्ये तिरप्या दातांची जोडी. योग्य बाजूला फिरवली तर दात एकमेकांत अडकतात आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. उलट फिरवली तर दात एकमेकांवरून घसरतात आणि काहीच होत नाही. इंग्रजीत या किल्लीला 'झिंगलेल्याची किल्ली' अशा अर्थाचे नाव पडले. रात्री झिंगून घरी आलेल्या माणसानेही घड्याळ मोडू नये, ही सोय त्यात होती.

माणसाला शहाणे करून सोडण्याच्या भानगडीत ब्रेगे पडले नाहीत. माणूस चुकणार हे धरून चालायचे आणि चुकले तरी नुकसान होणार नाही अशी वस्तू बनवायची, हा तो विचार. औषधांच्या सुरक्षिततेचा आजचा सगळा विचार याच पायावर उभा आहे. लहान मुलांना सहज उघडता न येणारे बाटलीचे झाकण हे त्याचे घरात दिसणारे उदाहरण.

गुंडीच्या आत काय घडते?

वेगळी किल्लीच नको, या दिशेने बरेच प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये थॉमस प्रेस्ट यांनी १८२० मध्ये एका रचनेचे पेटंट घेतले, पण तिने फक्त स्प्रिंग गुंडाळता येई. काटे जुळवायला किल्ली लागतच असे. फ्रेंच घड्याळजी आद्रिएन फिलिप यांनी एकाच गुंडीने दोन्ही कामे होतील अशी रचना तयार केली. १८४४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती जिनिव्हाचे व्यापारी आंत्वान पातेक यांच्या नजरेत भरली आणि पुढच्याच वर्षी तिचे पेटंट झाले. दोघांच्या नावाची पातेक फिलिप ही कंपनी आजही प्रसिद्ध आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियानेही त्यांचे बिनकिल्लीचे घड्याळ घेतले.

आज घरात जुने हाताने चालवायचे घड्याळ असेल तर त्यातही बहुधा याच वळणाची रचना सापडेल. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातून निघालेली 'जनता'सारखी घड्याळेही त्याच घराण्यातली.

गुंडीला आत एक दांडी असते. दांडीवर दोन छोटी दातेरी चाके शेजारी शेजारी बसलेली असतात. एक दांडीवर सैल फिरते. दुसरे दांडीच्या चौकोनी भागावर बसते, त्यामुळे ते दांडीबरोबर फिरते आणि तिच्यावरून पुढे-मागे सरकूही शकते. दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंना तिरपे दात असतात, अगदी ब्रेगेच्या किल्लीसारखे. गुंडी पुढे फिरवली, की दात अडकतात, सैल चाक फिरते, ते वरच्या एका चाकाला फिरवते आणि ते चाक स्प्रिंगच्या डबीवरच्या मोठ्या चाकाला. डबीच्या मधला आस फिरतो आणि स्प्रिंग त्याच्याभोवती घट्ट होते. गुंडी मागे फिरवली, की तिरपे दात घसरतात आणि स्प्रिंग जिथल्या तिथे राहते. म्हणूनच बोटे न उचलता पुढे-मागे, पुढे-मागे करत किल्ली देता येते.

भरलेली स्प्रिंग उलटी का सुटत नाही? मोठ्या चाकाच्या दातांत एक छोटा खटका अडकलेला असतो. चाक पुढे जाताना तो प्रत्येक दातावरून उडी मारतो, मागे मात्र येऊ देत नाही. किल्ली देताना येणारा किर्र आवाज मुख्यतः याच खटक्याचा. आणि गुंडी हलकेच बाहेर ओढली, की आतली एक तरफ सरकत्या चाकाला खाली ढकलते. त्याची स्प्रिंगशी जोडणी सुटते, काट्यांशी जुळते, मग त्याच गुंडीने वेळ लावता येते. या घड्याळांत शंकू आणि साखळीही राहिली नव्हती. डबीचा आस आतून फिरतो आणि डबीची बाहेरची कड चाकांना ओढत राहते, त्यामुळे किल्ली देतानाही घड्याळ क्षणभर थांबत नाही.

एकेक सबब अशी निकालात निघाली. हरवायला किल्ली उरली नाही, झाकण उघडायला नको, उलटा पीळ बसण्याची भीती नाही, घड्याळ अडखळत नाही. उरले ते फक्त रोज आठवणीने गुंडी फिरवणे.

चालते आहे म्हणजे भरलेले आहे का?

बहुतेक अशी घड्याळे एकदा पूर्ण भरली की तीस तास किंवा त्याहून अधिक चालतात. मग रोज किल्ली कशाला? उरलेले तास विसरभोळ्यांसाठी आहेत, विसरण्याची परवानगी म्हणून नव्हेत. समुद्रावर जहाजाचे स्थान ज्या घड्याळांवरून काढत, ती दोन दिवस चालण्याच्या क्षमतेची असली तरी रोज ठरलेल्या वेळीच भरली जात. त्यामुळे स्प्रिंग नेहमी आपल्या जोमाच्या टप्प्यात राही आणि चूक झालीच तर हाती एक दिवस उरे.

रिकामे होत आलेले घड्याळ बाहेरून ओळखता येत नाही. टिकटिक तशीच, काटे तसेच. शेवटच्या तासापर्यंत ते भरलेल्या घड्याळासारखेच दिसते आणि मग थांबते.

रक्तदाबाच्या गोळीचे असेच आहे. गोळी थांबवली तरी दुसऱ्या दिवशी काही होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. 'बरे वाटते आहे, मग गोळी कशाला?' हा प्रश्न सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतो. पण बरे वाटणे हे गोळीचे फळ असते, गोळीची गरज संपल्याची खूण नसते. दाब आतून वाढत राहतो आणि कित्येकदा पहिले लक्षण म्हणून थेट अर्धांगवायूच समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. औषध उत्तम, निदान बरोबर, पण किल्ली द्यायची राहिली, अशी ही स्थिती.

क्षयरोगात हे आणखी धोक्याचे. पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि ताप कमी होतो, वजन वाढते आणि रुग्णाला वाटते, झाले. प्रत्यक्षात जंतू शिल्लक असतात. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय तयार होण्याचा धोका असतो, आणि तो रुग्णाबरोबर घरच्यांनाही गाठतो. भारतात पूर्वी आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या गोळ्यांचा डोस असे. २०१७ मध्ये देशभर रोज घ्यायच्या, अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांचा उपचार सुरू झाला. 'आज डोसचा दिवस आहे का?' हा प्रश्नच उरला नाही, रोजच आहे. गोळ्यांची संख्या आणि गोंधळही कमी झाला. घड्याळातून किल्ली काढून गुंडी बसवली, तसेच हे.

अमेरिकेच्या रेल्वेचा एक नियमही डॉक्टरांनी लक्षात ठेवावा असा आहे. ओहायोतील किप्टन येथे १८९१ मध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका कर्मचाऱ्याचे घड्याळ काही मिनिटे थांबून पुन्हा सुरू झाले होते, असे सांगितले जाते. त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले. पुढे अशी घड्याळे आली, की किल्ली गुंडीनेच द्यायची, पण वेळ बदलायची तर काचेची कड उघडून आतली तरफ ओढावी लागे. किल्ली देता देता चुकून काटे सरकू नयेत, हा हेतू. किल्ली देणे चालकाचे काम, वेळ लावणे नेमलेल्या तपासनिसाचे. औषधांतही हीच वाटणी हवी. रोज गोळी घेणे रुग्णाच्या हाती, डोस कमी-जास्त करणे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

रोजची किल्ली कशी द्यावी?

घरात जुने घड्याळ असेल तर रोज एकाच वेळी, सकाळी, सावकाश किल्ली द्या. गुंडी अडल्यासारखी वाटली की थांबा, जोर लावू नका. 'जास्त किल्ली दिली म्हणून घड्याळ बिघडले' हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. पूर्ण भरलेले घड्याळ चालत नसेल तर आत धूळ किंवा वाळलेले तेल असते, त्याला घड्याळजीकडे न्या. गुंडी फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी रोज दुखत असेल तर मात्र घड्याळजीकडे नको, डॉक्टरकडे जा. त्या सांध्याची झीज होत असताना चिमटीने करायची कामे दुखू लागतात.

गोळीसाठीही असेच. रोज चुकत नाही अशा एखाद्या कामाला ती जोडा: सकाळचा चहा, दात घासणे, देवपूजा. गोळी जेवणाआधी की नंतर, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणा, म्हणजे आज घेतली की नाही हे आठवावे लागत नाही, दिसते. पाकीट संपण्याच्या चार-पाच दिवस आधी नवे आणा, ते तुमचे राखीव तास. एखादी गोळी राहून गेली तर बहुतेक औषधांबाबत आठवताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि फिट्सची औषधे यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आधीच विचारून लिहून ठेवावेत. फिट्सची, स्टेरॉइडची आणि रक्तदाबाची काही औषधे अचानक बंद करणे धोक्याचे असते.

आणि डॉक्टरांच्या बाजूचेही काम आहे. रुग्ण गोळी विसरला की त्याला रागावणे सोपे असते. त्याआधी आपण त्याला किती किल्ल्या सांभाळायला दिल्या आहेत, हे मोजावे. दिवसातून चार वेळा घ्यायची आठ औषधे लिहिली असतील तर त्यातली कोणती एकत्र करता येतील, कोणती दिवसातून एकदाच देता येतील, कोणती आता लागतच नाहीत, हे चिठ्ठीवर पुन्हा पाहावे. वयस्कर रुग्णाने पुढच्या भेटीला घरातली सगळी औषधे पिशवीतून आणावीत आणि ही उजळणी करूनच घ्यावी.